बाहुली रडेपर्यंत

माझ्या एकुलत्या एका सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट मिळालं. म्हणजे अठरा वर्षांखालच्या कुणालाही तो थेटरात बघता येणार नव्हता. आणि ज्या बाईच्या जोरावर तो सिनेमा उभा होता, तिला मी एकच गोष्ट कबूल केली होती, की तुझी पोरं हा सिनेमा बघतील.

तिची पोरं म्हणजे पोटची नव्हेत. ती सुईण. किन्हवलीच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून एक वाडी आहे, तिथली. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. शहापूरच्या बाजारात भाजी घ्यायला गेली तरी दर दहा पावलांवर कुणीतरी वाकून पाया पडतं आणि ती त्याला विचारते, "कुठला रे तू?" मीही त्यातलीच एक. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. आता वाडीतल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात, आणि तेच बरं, असं ती स्वतःच सांगते.

मी तिच्या हातावर जन्मले एवढंच मला ठाऊक होतं. कसं, कधी, किती वेळ लागला, हे आईनं कधी सांगितलं नाही. लहानपणी विचारलं तर "तिकडं जा, खेळ" असं उत्तर मिळायचं, आणि मोठी झाल्यावर विचारायचं राहूनच गेलं. आमच्या घरचं सेन्सॉर मुंबईच्या सेन्सॉरपेक्षा कडक होतं.

मुंबईत मी पंधरा वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे जोडले. एडिटर म्हणून. स्वभाव तापट, त्यामुळे बऱ्याच दिग्दर्शकांशी भांडून झालं होतं. शेवटी म्हटलं, आता स्वतःचाच करू, निदान भांडायला तरी कुणी उरणार नाही. गोष्ट साधी होती. पावसात रस्ता बंद झालेली वाडी, अडलेली बाई, आणि एक म्हातारी सुईण. सुईणीसाठी मी मोठमोठ्या नट्या बघितल्या. सगळ्यांचे हात चुकीचे होते.

मग मावशीकडेच गेले. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"मी नाय गो नाटकं करीत," ती म्हणाली.

"नाटक नाही करायचं. तू करायचीस तेच कर."

"मंग पोर कुनाचं?"

"बाहुली असेल."

ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "माज्या पोरांना दाखवशील ना? मी काढलेल्या? म्हातारीनं काय काम केलं, त्यांना कुनी सांगितलंय?" मी हो म्हटलं. हो म्हणताना मला काही जड गेलं नाही.

मुंबईहून रबराची महागडी बाहुली आणली होती. मावशीनं ती हातात धरली, जरा हलवली आणि बाजूला ठेवून दिली. "याला मान कुठं हाय? ही तर लाकडावानी ताठ." मग तिनं स्वतः एक बाहुली केली. जुन्या लुगड्याची, पोटात ओला कोंडा भरलेली, मानेला मुद्दाम सैल बांधलेली. कोंडा थोडा थोडा घालत, तळहातावर तोलत, शेवटी "हां" म्हणाली. आमच्या कला विभागाचा पोरगेलासा माणूस ती बाहुली हातात घ्यायला घाबरायचा. डोकं कलंडलं तर?

त्या दिवशी एकच टेक झाला. मी मावशीला सांगितलं होतं, पोर बाहेर आलं की मी कट म्हणेन, मग थांबायचं, रडण्याचा आवाज नंतर घालू. पोर बाहेर आलं. मी कट म्हटलं. मावशी थांबली नाही.

तिनं बोटानं बाहुलीचं तोंड पुसलं. पालथी धरून पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या, परत पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हळू फुंकर घातली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, तिच्या घरच्या बोलीत, आम्हाला कळायला म्हणून नव्हे. कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला नव्हता. मीही परत कट म्हटलं नाही. पोर रडलं नव्हतं, मग तिचं काम संपलं कसं? तिच्या हातांना सिनेमा ठाऊक नव्हता. सेटवर चाळीस माणसं होती आणि एकही हलत नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्या लुगड्याच्या चिंधीत जीव येतोय की नाही म्हणून चाळीस माणसं श्वास धरून उभी होती.  तसलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही.

तीन मिनिटांनी आवाज आला, तो माझ्या तोंडून. मी रडणारी बाई नाही. वडील गेले तेव्हाही मला रडू आलं नव्हतं, आणि गावानं त्याची पुरेशी चर्चा केली होती. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. मावशीचे हात लगेच थांबले. तिनं बाहुली फडक्यात गुंडाळली, बाळंतिणीचं काम करणाऱ्या नटीच्या छातीशी दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं."

माझा आवाज काढून नंतर तिथे तान्ह्या बाळाचा आवाज बसवला. बाकी ती तीन मिनिटं जशीच्या तशी ठेवली.

सेन्सॉरला पाच जणांनी सिनेमा बघितला आणि मला आत बोलावलं. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, धारदार वाक्यं पाठ करून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे अर्भक कुणाचं? त्याच्या पालकांची परवानगी कुठे आहे?" मी म्हटलं, "ती बाहुली आहे. पोटात कोंडा आहे." पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई नुसत्या "कोंडा?" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

पण नियम ते नियम. रक्त आहे, वेदना आहे, आणि ती तीन मिनिटं लहान मुलांना घाबरवतील. ती अर्ध्या मिनिटावर आणा, तेरा वर्षांवरचं सर्टिफिकेट मिळेल, मग आईबापांबरोबर धाकटी मुलंही बघू शकतील. नाहीतर 'ए'. इतक्या सभ्यपणे बोलत होते की माझी पाठ केलेली वाक्यं वाया गेली. आणि त्यांचं चुकलं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी बेचाळीस वर्षांची, मीही घाबरले होते.

निर्माता भला माणूस. त्यानं शांतपणे समजावलं. 'ए' म्हटलं की चॅनेलवाले दारात उभं करणार नाहीत. थेटरवाले संध्याकाळचा शो दुसऱ्याला देतील. आणि आपल्याकडे सिनेमाला माणूस जातो का? घर जातं. पोरांना नेता येत नसेल तर आई जाणार नाही, आई गेली नाही तर कुणीच जाणार नाही. "अडीच मिनिटं तर कापायचीत," तो म्हणाला. "तू तर हेच काम करतेस." मला राग आला, कारण तो बरोबर होता. वर मावशीला दिलेला शब्द होताच. कापलं तर तिची पोरं बघणार, नाही कापलं तर नाही.

मी कापलं. एका दुपारी बसून, स्वच्छ. जोड कुणाला दिसला नसता. पोर बाहेर येतं, मावशी एकदा पाठ चोळते, पोर रडतं. लॅपटॉप घेऊन वाडीवर गेले आणि मावशीच्या ओट्यावर ठेवून तिला दाखवलं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या बेगीन रडलं?"

"हो."

"मंग माजं काय काम होतं तिथं?"

मी तिला सगळं सांगितलं. असं ठेवलं तर पोरं बघतील, तसं ठेवलं तर नाही. तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "जल्माला येताना कुनी वय इचारलं काय गो त्यांना?" आणि थोड्या वेळानं, "खोटं नको दाखवू. नाय बघितलं पोरांनी तरी चालंल." तिनं मला शब्दातून मोकळं केलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. तिला फक्त तेवढंच हवं होतं, आणि तेही तिनं सोडून दिलं.

'ए' घेतलं. निर्मात्यानं जे जे सांगितलं होतं ते ते झालं. मुंबईत चार थेटरं मिळाली आणि आठवड्यात गेली. चॅनेलनं फोन उचलला नाही. मुरबाडच्या एका थेटरात दुपारचा शो लागला, तोही तिथल्या मालकानं ओळखीखातर लावला म्हणून.

भातकापणी उरकली होती. मी थेटराच्या दारात उभी होते आणि वाडीवरून टेंपो आला. त्यातून वीसेक बायका उतरल्या, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, आणि त्यांच्यामागून जवळजवळ तितकीच पोरं. मी डोक्याला हात लावला. "अगं, सांगितलं होतं ना, पोरं नाही चालणार म्हणून?"

"मंग ती कुनाजवळ ठेवायची?" एक म्हणाली. "आमी सगळ्याच हितं आलोत."

दारावरच्या माणसानं अंगावरचं तान्हं पोर सोडलं, चालतं पोर अडवलं. मी त्याच्याशी भांडले. त्यानं पोस्टरवरचं गोलातलं अक्षर दाखवलं. "मॅडम, सिनेमा तुमचाच ना? मंग ते अक्षर पन तुमचंच." 

बायका जरा बाजूला जाऊन कुजबुजल्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "सावड करू." लावणीच्या दिवसांत त्या एकमेकींच्या शेतावर राबतात. आज सगळ्या तुझ्याकडे, उद्या सगळ्या माझ्याकडे. तिला सावड म्हणतात. तसंच त्यांनी सिनेमाचं केलं. निम्म्या इंटरव्हलपर्यंत आत, निम्म्या पोरांजवळ बाहेर. इंटरव्हलला अदलाबदल. दोन वर्षं खपून एकसंध केलेला माझा सिनेमा त्यांनी भाकरीसारखा मधोमध मोडून वाटून घेतला, आणि मला राग यायच्या ऐवजी तोंडात बोट घालायची वेळ आली.

मावशी म्हणाली, "मी मागली पाळी." इंटरव्हलच्या आधीचं तिला बघायचंच नव्हतं.

मी पोरांबरोबर बाहेर चिंचेखाली बसले. इंटरव्हलला दारात नुसती झुंबड. बाहेर येणारी आत जाणारीला दोन वाक्यांत सगळं सांगत होती, "पाऊस लागलाय, वाट तुटली, नवरा पल्याड अडकलाय, जा जा." मग दार बंद झालं. अर्ध्या-पाऊण तासानं आतून सगळे आवाज थांबले. मी मनात सेकंद मोजत बसले. आत कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग भिंतीपलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. चिंचेखालची सगळी पोरं एकदम गप्प झाली. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं मला विचारलं, "कुनाचं बाळ गो?"

परतीच्या टेंपोत मीही चढले. दिवस मावळतीला आला होता. पहिली पाळी मागलीला आणि मागली पहिलीला सिनेमा सांगत होती. एकमेकींचं खोडत, भर घालत, नवऱ्याला शिव्या देत, मी न लिहिलेले संवाद म्हणत. माझ्यापेक्षा चांगला जोडत होत्या. पोरं मधोमध बसून सगळं ऐकत होती आणि त्यांना कुणी "तिकडं जा, खेळ" म्हणत नव्हतं. गोष्ट बाळंतपणापाशी आली आणि सगळ्या थांबल्या, मावशीकडे बघायला लागल्या.

मावशीनं कुणाची तरी शाल मागून घेतली, तिची घडी घातली, एका टोकाला सैल गाठ मारली. आणि सुरुवात केली. तोंड पुसलं. पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या. टेंपो खड्ड्यांतून उसळत होता आणि तिचा हात शालीच्या मानेखालून हलत नव्हता. तिनं एक सेकंदही कमी केला नाही. धाकट्या एका पोरानं आईच्या मांडीत तोंड लपवलं, पण एक डोळा बाहेर ठेवला. बाकीची बघत राहिली. मी त्यांचे चेहरे बघत होते. मोठ्या पडद्यासमोर मी असे चेहरे कधी बघितलेले नाहीत.

शेवटी तिनं शाल छातीशी धरली. "रडलं," ती म्हणाली.

त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मी पन अशीच?"

"तू पायाळू. पाय पयले. तुज्या आयनं माजा हात चावला, ह्ये बघ."

मग सगळीच मागे लागली. मी? मी? मावशी एकेकाचं सांगत गेली. तू बांधावरच, भात टाकून आय बसली. तू दोन दिवस घेतलेस. तू हसल्यासारका आलास, लबाडा. एकदाही चुकली नाही. टेंपोत आता हसणं होतं, आणि त्यांच्या आया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, कारण हे त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टेपनीला टेकून बसलेली मी, चाळिशी उलटलेली बाई, माझ्याही तोंडून निघून गेलं, "आणि मी?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. शालीची गाठ सोडली, घडी मोडून जिची होती तिला परत दिली.

"तू रडायला लय येळ लावलास गो," ती म्हणाली. "दोनी येळंला."