हाताला न लागणारे रिवेट

माझा स्वभाव मुळातला हेकट. एखादं काम मनासारखं होत नाही तोवर हातातून सोडायचं नाही, आणि मध्ये कुणी बोललं तर त्याच्या अंगावर जायचं. हे दोन्ही गुण मी वडिलांकडून घेतले, असं आई म्हणते. तिच्याकडून काय घेतलं ते ती कधी सांगत नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सायखेड्याच्या शेतकरी घरातले अण्णा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात रिवेट मारायचे. रिवेट म्हणजे दोन पत्रे एकमेकांना घट्ट धरून ठेवणारी बारीक खीळ. घरात आम्हाला माहीत होतं ते एवढंच. विमानाच्या कुठल्या भागाला मारायचे, पुढच्या की मागच्या, ते आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. विचारलं की एकच उत्तर, "कारखान्यातलं कारखान्यात." कामावर रुजू होताना साहेबांनी सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही. अण्णांनी ते असं काही मनावर घेतलं की बोलूच नका. गावाकडे लग्नकार्यात कुणी पाव्हणा हटकून विचारायचा, "काय हो, त्यो बाँब कुठं बसवत्यात?" अण्णा म्हणायचे, "जिलबी घ्या."

मात्र जेवताना डोक्यावरून विमान गेलं की त्यांचा घास थांबायचा. ते कान देऊन ऐकायचे आणि आवाज विरला की "हं" म्हणून पुन्हा जेवायला लागायचे. त्या "हं"चा अर्थ सगळं ठीक आहे.

अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला, अंबडच्या अलीकडे दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. मी आयटीआय करून सातपूरला एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला लागले होते. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, असा सगळा कारभार. आमच्या शेठच्या भावाने परदेशातून येताना पुतण्यासाठी एक खोका आणला होता. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून लढाऊ विमान करायचं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, दीड वीत लांब. पुतण्याने खोका उघडला, ते शंभरेक बारीक तुकडे पाहिले आणि भोकाड पसरलं. शेठने खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या बाई, तुम्हाला बारीकसारीक करायची हौस आहे."

खोक्यावर मिगचं चित्र होतं, अण्णांच्या कारखान्यात बनायचं तेच विमान. मी तो छातीशी धरून बसमधून घरी आणला.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. अण्णांनी चष्मा लावला, विमानाच्या धडाचा एक अर्धा भाग उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"याला काय देवी आल्यात का?"

मी बघितलं. प्लॅस्टिकवर रिवेटांच्या रांगा होत्या, पण प्रत्येक रिवेट मोहरीच्या कणीसारखा वर आलेला. अण्णा म्हणाले, "खऱ्या इमानाला असं नस्तं. हात फिरवला तर रिवेट लागता कामा नये. लागला की ते काम परत."

तोवरच्या आयुष्यात कारखान्याबद्दल ते एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. मी लगेच पुढे सरकले. "मग कसं असतं? आतून बसवतात का?"

"ते नाय सांगायचं."

"अहो अण्णा, खेळणं आहे हे!"

"असू दे."

मग आमच्या घरात एक अजब पद्धत सुरू झाली. मी विमान करायचं आणि अण्णांनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं. काय बरोबर ते सांगायचं नाही. मी काही चुकले तर ते खोकायचे. बरोबर असलं तर "हं". मी चाकाचं झाकण उलटं धरलं की खोकला. फिरवून धरलं की हं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, एवढं खोकताय तर अडुळसा घ्या!"

मी सगळे रिवेट घासून टाकायचं ठरवलं. घासायच्या आधी मात्र धडाच्या, पंखांच्या, शेपटाच्या प्रत्येक बाजूवर ट्रेसिंग पेपर लावून एकूण एक रिवेट पेन्सिलीने टिपून घेतला. आमच्या वर्कशॉपचा तो नेमच होता. कुठलीही रेघ खोडायची तर आधी तिची ट्रेसिंग काढून ठेवायची, कारण गिऱ्हाईक आठ दिवसांनी येऊन "जुनंच बरं होतं" म्हणतं. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन बसले. दोन महिने घासत होते. नखं गेली, बोटांची सालं निघाली. मावशी एकदा स्थळ घेऊन आली आणि माझे हात बघून कपाळाला हात लावून बसली. "बाई गं, पोरीच्या हाताला मेंदी लावायची, तर हिने लांबी लावून घेतलीय!" सांधे बुजवायला मी भिंतीला लावायची लांबीच वापरत होते, तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं.

त्याच सुमारास अण्णा दारातल्या शेजाऱ्यांच्या स्कूटरला धडकले. मग आठवड्याने पुन्हा. चहाचा कप घ्यायला हात न्यायचे तो कपाच्या बाजूला पडायचा. मी चिडायचे, "बघून चालत जा ना!" डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, काचबिंदू. कडेची नजर आधीच गेली होती आणि उरलेली भोक बुजत यावं तशी बारीक होत चालली होती. गेलेली परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

परतताना शालिमारच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा अण्णा म्हणाले, "तेवढं तुझं इमान दिसंल ना मला?"

मी म्हटलं, "दसऱ्याला पुजेत मांडते बघा." दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. अण्णांची घरची हातोडी, पक्कड, कानस, आणि हल्ली शेजारी माझा गुण्या आणि कंपास.

आता खरं तर मी घाई करायला हवी होती. विमान जोडून झालं होतं, रंग तेवढा राहिला होता. पण रंगानेच माझं डोकं फिरवलं. मला उघड्या पत्र्याचा रुपेरी रंग हवा होता, पत्र्यासारखाच लखलखीत. द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्यांकडून मोटारीचा रंग आणला आणि डास मारायच्या पंपातून फवारला. फणसाची साल झाली. पुसून काढला, परत घासलं, परत फवारला. या वेळी वाळताना एक केस चिकटला. परत काढला. तिसऱ्यांदा माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटला. दसरा चार दिवसांवर आला होता.

अण्णा विमान अगदी नाकासमोर धरून, मान इकडून तिकडे फिरवत बघत होते. म्हणाले, "झालं की गं. लय झ्याक दिसतंय. आता ऱ्हाऊ दे."

आणि मी फटकन बोलले, "तुमच्या कारखान्यात चाललं असतं का असलं काम?"

अण्णा खोकलेही नाहीत. त्यांनी विमान खाली ठेवलं. मी त्याच संध्याकाळी रंग पुन्हा पुसून काढला. तो दसरा हातोडी आणि पकडीवरच झाला.

पुढचं वर्ष मी त्या विमानाच्या पाठीस लागले होते. वर्कशॉपमध्ये कामाची गर्दी, सुट्टीच्या दिवशी विमान. डास मारायचा पंप फेकून मोटार रंगवणाऱ्या एका मिस्त्रीकडून बारीक गन उसनी आणली. खोक्यातली, आपल्या हवाईदलाच्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या गोलांची चिकटपट्टी पिवळी पडली होती, म्हणून शाईच्या कंपासने ते गोल मी स्वतः पंखांवर आणि धडावर काढले. सहा गोल, एकाचीही कड फुटली नाही. खरं सांगते, सुंदर झालं होतं ते विमान. शेठ घरी येऊन बघून गेले आणि म्हणाले ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पण त्या पावसाळ्यात अण्णांची नजर गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

दसऱ्याला पाटावर हातोडी, पक्कड, कानस मांडली. मधोमध विमान. आईने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मग मी विमान उचलून अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी नाकापासून हात फिरवायला सुरुवात केली. पंख, पाठ, शेपूट. पुन्हा नाकापासून. दोन बोटं, मग अंगठा, मग तळहात. चेहरा कोराच.

"गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "साबणाच्या वडीवानी. कुठं काय हाय, ते समजत नाय मला."

माझा तोल गेला. "तुम्हीच घासायला लावलंत ना! तुम्हीच म्हणालात, हाताला लागता कामा नये! दोन महिने घासलं मी!"

"व्हय," अण्णा म्हणाले. "मीच म्हणलो. तवा मला दिसत व्हतं."

आई माझ्याकडे असं बघत राहिली की मी तिथून उठले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. राग त्यांचा नव्हताच. वर्षापूर्वी तो अंगठ्याचा ठसा तसाच राहू दिला असता तर माझ्या बापाने ते विमान डोळे भरून पाहिलं असतं. तेवढंच मागितलं होतं त्यांनी, आणि मी त्यांना फिनिशिंग शिकवत बसले.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कपाटाच्या तळातून ट्रेसिंगची गुंडाळी काढली.

प्रत्येक रिवेट तिथे होता. मी ट्रेसिंग विमानावर धरून बारीक सुईने खुणा केल्या, त्या नव्याकोऱ्या रुपेरी रंगावर. मग सुईच्या टोकावर घट्ट गोंदाचा थेंब घ्यायचा आणि खुणेवर टेकवायचा. वाळला की मोहरीच्या कणीएवढा उंचवटा. एक थेंब, पुन्हा एक थेंब. रोज कामावरून आल्यावर चार-पाच रांगा व्हायच्या. आई शेजारी भाजी निवडत म्हणायची, "तिकडं अंगणात ठिपके द्यायला सांगितलं तर तुझी कंबर दुखती, अन् इमानाला रांगोळी काढती व्हय?" माझी लखलखीत पाठ, लखलखीत पंख सगळे ठिपक्यांनी भरले. पुन्हा देवी आल्या. शेठना सांगितलं, कपाटात आता दुसरं काहीतरी ठेवा.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी, अंघोळी झाल्यावर, अण्णा गॅलरीत उन्हाला बसले होते. मी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांचा अंगठा नाकावर टेकला आणि तिथेच थांबला. मग हळूहळू पुढे सरकला. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते की काय कोण जाणे. काचेच्या कडेने, पाठीवरून, पंखाच्या बुडाशी. एका ठिकाणी खोकले. मी वाकून पाहिलं तर एक थेंब रांगेच्या बाहेर पडला होता. मी नखाने तो काढला. "हं," अण्णा म्हणाले आणि पुढे गेले. पुढे एका जागी बोट थांबलं. मागे आलं, परत त्याच रांगेवरून गेलं. तीन वेळा.

"ही," ते म्हणाले. "ही रांग माझी."

आई चिवड्याची ताटली घेऊन दारात उभी होती. तिने ताटली खाली ठेवली, जवळ आली आणि अण्णांच्या बोटाखाली वाकून बघितलं. "एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्याशा रांगेपायी मी जल्मभर पहाटं उठून डबे केले?"

"खरी लय मोठी असती गं," अण्णा म्हणाले. त्यांनी आईचा हात धरला, तिचं बोट त्या रांगेवर ठेवलं आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. आई पदराने डोळे पुसत राहिली आणि मी बापाच्या मागे उभी राहून मोकळेपणी रडले.

मग अण्णांना एकदम भान आलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाहेर बोलायचं नाय हां कुठं."

त्यानंतर चार वर्षं ते विमान त्यांच्या उशाशी होतं. आता अण्णा नाहीत आणि विमान माझ्या टेबलावर असतं. मध्यंतरी एक विमानं करणारा तरुण घरी आला होता. आता नाशिकमध्ये अशी बरीच मंडळी आहेत, त्यांच्याकडे पंप-बिंप सगळं असतं. त्याने विमान उचलून न्याहाळलं आणि म्हणाला, "मावशी, गोल कसले भारी काढलेत! पण हे रिवेट फार उठलेत. आणि या एका रांगेवरचा रंग का असा झिजलाय? खालचं प्लॅस्टिक दिसतंय."

मी नुसती खोकले. ती रांग कुठली, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.