पाचवा कागद

ऐंशीच्या दशकात मी मद्रासच्या एका सरकारी कचेरीत नकाशे तपासायचे. डोंगरातल्या एकाच नदीवर लहान लहान वीजप्रकल्प यायचे होते. चार माझ्या सहीने पुढे गेले होते, पाचव्याचा नकाशा टेबलावर होता आणि साहेबांना तो दुपारपर्यंत हवा होता.

आमची रीत ठरलेली. एक प्रकल्प, एक फाइल, एक ट्रेसिंग कागद. प्रत्येकावर तेच वाक्य: बंधाऱ्याशी वळवलेले पाणी मैलभर खाली नदीत परत. मग बिघडतं काय?

त्या सकाळी घरच्या नळाला पुन्हा पाणी नव्हतं. गल्लीत आमचं घर शेवटचं. पुढच्या प्रत्येकाने पाइपाला छोटी मोटर लावलेली, आणि विचारावं तर म्हणणार, आम्ही दोनच घागरी ओढतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, आटतंही तसंच. मी धुसफुसतच कचेरीत आले आणि त्याच रागात जुने चार कागद काढून पाचव्याखाली नीट जुळवून ठेवले.

पहिल्याचं पाणी जिथे परत येत होतं, तिथेच दुसऱ्याचा बंधारा होता. दुसऱ्याचं तिसऱ्याच्या तोंडात. पाचवा झाला की नदी पात्रातून वाहणारच नव्हती, नुसती पाइपांतून. शेवटच्या वाहत्या तुकड्यावर मासे धरणाऱ्यांचं एक गाव होतं. मी पाचही कागद तसेच उचलून साहेबांपुढे ठेवले.

साहेब तंजावरकडचे मराठी. त्यांच्या जुन्या बोलीला आम्ही मागे हसायचो. त्यांनी कागद बराच वेळ पाहिले.

"अस्के बरोबर आहेत की, बाई."

"सगळे बरोबर आहेत, साहेब. पण एकेकटे."

"मग थांबवता कसाला? आधीच्या चारांवर सही कोणाची?"

माझीच होती. नोकरी जाईल या भीतीने मी पाचव्यावरही सही केली. पण देण्याआधी दाभण घेतलं आणि पाचही कागद एकावर एक शिवून टाकले. एक उघडणाऱ्याला पाचही दिसावेत, एवढीच माझी हिंमत.

पंधरा दिवसांनी पाच फायली परत आल्या. प्रत्येकीत एकेक कागद, रीतीप्रमाणे. पाचवा मंजूर. कडेला दाभणाची भोकं तशीच होती, आणि खाली माझी सही.