ग्रीक कवीचा पाठकोरा कागद

निवृत्त झाल्यावर घरी बसून नवऱ्याला सुधारण्यापेक्षा (तो सुधारणार नाही, हे एव्हाना कळलं होतं) मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्यातून दोन दिवस फुकट काम करू लागले. तिथे एका दिवंगत ग्रीक कवीची कागदपत्रं आली होती. कवितांचे खर्डे, पत्रं, आणि संगीतकारांनी त्या कवितांना लावलेल्या चाली. मला ना ग्रीक येतं, ना सुरांची ती लिपी. त्यामुळे कवीच्या खासगी आयुष्याला माझ्यापासून काही धोका नव्हता.

कागद दिले होते त्याच्या मुलीने, पण तूर्त. नीट सांभाळले तर इथे राहणार, नाहीतर अथेन्सला जाणार. बाई ऐंशीच्या घरातल्या. देताना एवढंच म्हणाल्या होत्या, "आई आम्हाला सोडून गेली. बाबांनी तिचं काही म्हणजे काही ठेवलं नाही."

आमची प्रमुख म्हणजे नागपूरकरांची इथे जन्मलेली लेक. दोन वर्षं ती या पेट्यांवर खपत होती. बाई पाहणीला यायच्या त्या दिवशी सकाळीच ती माझ्यासमोर उभी राहिली. हातात एका चालीचा कागद, आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं माझं अक्षर.

"काकू, हे तुम्ही लिहिलंत? ओरिजिनलवर?"

आता काय सांगणार! पाठकोरा कागद वाया घालवू नये, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलेलं. मी लिहिलं होतं: 'घडीत एका बाईचा फोटो होता. फोटोंच्या पेटीत ठेवला.' खाली 'कोथिंबीर, दही.'

"अशा नोंदीचा वेगळा फॉर्म असतो ना, यार काकू!"

"खोडू का?"

"टच पण करू नका! फाटेल तो."

ती रडकुंडीला आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या कष्टाने जमवलेलं सगळं माझ्या काटकसरीपायी अथेन्सला चाललं होतं.

दुपारी बाई काठी टेकत आल्या. प्रमुखाने तोंड उघडायच्या आत मीच कागद पुढे केला आणि गुन्हा कबूल केला. बाईंनी भुवया उंचावल्या. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. कोथिंबिरीसकट.

"कुठला फोटो?"

प्रमुखाने तो आणला. पाकिटावर 'अनोळखी स्त्री' असं लिहिलेलं होतं. बाईंनी चष्मा वर ढकलला आणि फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला.

"ही आई," त्या म्हणाल्या. "हा या कागदात होता? नक्की?"

"नक्की. मीच काढला."

"कसा होता, दाखवा."

मी कागद जुन्या घड्यांवरून मिटला आणि फोटो आत ठेवून दाखवला. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"आता काढू नका," त्या म्हणाल्या.

फोटो आणि कागद एकत्र ठेवायचे नाहीत, हा प्रमुखाचा सगळ्यात कडक नियम. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि ती घडी तशीच पेटीत ठेवली.