भामाबाईच्या डब्यातलं फुटाण्याचं पीठ

उदगीरची भामाबाई थापा मारण्यात पटाईत, पण स्वतःसाठी कधी मारायची नाही. एका सासुरवाशिणीला चार दिवस माहेर मिळावं म्हणून तिनं तिच्या धडधाकट आईला खुशाल आजारी पाडलं होतं.

धाकटा भाऊ वैजनाथ मात्र भोळा. त्याच्या बावीस वर्षांच्या लेकीला, ऋतुजाला, गाठींचा कॅन्सर निघाला. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरगी बरी होईल. पण केमोनं अंडाशयाला इजा होऊ शकते. पुढं मूल हवं असेल तर आधीच स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवू. दोन आठवडे आहेत हातात."

वैजनाथ बिथरला. "बिनलग्नाच्या पोरीची? लोक काय म्हणतील?"

त्यानं एका एजंटाकडून अँटिऑक्सिडंट आणि स्टेम सेलची म्हणून पावडर आणली. त्या पावडरीनं अंडाशयाला आतून कवच बसतं म्हणे! डॉक्टरीणबाईंनी बजावलं, स्टेम सेलचं अजून संशोधनच चालू आहे, आणि असली पावडर केमोच्या आड येऊ शकते. पण वैजनाथ कुठला ऐकतोय!

भामाबाईनं वाद घातलाच नाही. पावडर उकिरड्यावर ओतली आणि डब्यात फुटाण्याचं पीठ भरलं. पुढच्या प्रत्येक डब्याची हीच गत. वैजनाथ रोज सकाळी स्वतःच्या हातानं दोन चमचे दुधात ढवळून द्यायचा, ऋतुजा हसू दाबत प्यायची. केमोआधी त्या दोन आठवड्यांत रक्त तपासायचं सांगून आत्या-भाची लातूरच्या एसटीत बसायच्या. दवाखान्यातल्या संमतीच्या कागदावर सही ऋतुजानं स्वतः केली.

चौथ्या केमोनंतर एजंट मोबाईल रोखून दारात हजर. "काका, अनुभव सांगा. गावोगाव दाखवतो."

वैजनाथ टोपी नीट करून बसला. "लई गुणाची पावडर! पोरगी कशी तरतरीत हाय बघा..."

भामाबाईला हसू आवरेना. मग एकदम मनात आलं, हे ऐकून आणखी कुणाची तरी लेक हा डबा पिणार. तिचं हसू मावळलं.

"बंद कर ते. डब्यात फुटाण्याचं पीठ हाय. म्याच भरलंय."

एजंट चपला शोधत सटकला. वैजनाथचा चेहरा लालबुंद झाला.

"मंग पोरीला कवच?"

"कवच न्हाई. अकरा बीजं हायेत, लातूरला गोठवलेली."

वैजनाथ ताडकन उठला. भामाबाईनं शिव्या खायची तयारी केली. तो दारापर्यंत गेला, तिथंच घुटमळला, परत आला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "तिथं लाईट गेली तर?"