छतापासून पायापर्यंत, बोट न उचलता

श्री. दामोदर आहेर यांची आणि माझी पहिली भेट फारशी सुखाची झाली नाही, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात सांगायला हरकत नसावी. मी नव्यानेच आर्किटेक्ट झाले होते. नाशिकरोडच्या एका वसाहतीतल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती आणि ते माझे पहिलेच स्वतंत्र काम होते. पूर्ण झालेल्या नकाशांची गुंडाळी घेऊन मी सरांच्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, "सर, एवढं स्ट्रक्चर बसवून द्या." इमारतीचे रूप आर्किटेक्टने ठरवायचे आणि ती उभी कशी राहील ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने मागाहून पाहायचे, अशी आमच्याकडे रीतच होती.

सरांनी गुंडाळी उघडली नाही. "साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, आणि आता नवरदेवाला विचारायला आलात का?" असे म्हणून त्यांनी चहा मागवला. मला राग आला होता. पण चहानंतर त्यांनी कोरा कागद पसरला, एक पेन्सिल माझ्याकडे सरकवली, एक स्वतः घेतली, आणि चार दिवस बसून आम्ही ती अभ्यासिका नव्याने काढली.

एवढे होऊनही मी चूक केलीच. काम अर्ध्यावर असताना वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष गांगुर्डेकाका म्हणाले की जिन्यावरची पाण्याची टाकी दर्शनी बाजूने वाईट दिसते. त्यांचे म्हणणे मला पटले. मी टाकी मागे सरकवली आणि सरांना कळवले नाही. टाकी इकडची तिकडे, त्यात काय कळवायचे, असे वाटले.

स्लॅब टाकायच्या दिवशी सकाळी सर सळया तपासायला आले. मिक्सर लागला होता, मजूर जमले होते, समिती झाडून हजर होती. सरांनी टाकीची खूण पाहिली आणि काम थांबवले. गांगुर्डेकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्य काढलेले, सरळ विचारणारे गृहस्थ. "सर, चूक कोणाची ही?" त्यांनी विचारले. पहिले काम हातचे गेले, हे मी मनात धरूनच चालले. सर म्हणाले, "आमची. दोघांनी मिळून काढलंय, चूकही दोघांची." काकांनी मिक्सरवाल्याला थांबायची खूण केली. मग म्हणाले, "बरं झालं आज कळलं. मजुरांना मी सांगतो."

सगळे खाली उतरल्यावर सरांनी नकाशा सेंटरिंगच्या फळीवर पसरला. सर बागलाणातले, मनापासून बोलायचे झाले की ते अहिराणीत शिरतात. "वजन कोठे जाई ऱ्हायनं?" त्यांनी विचारले. वजन कुठे चालले आहे, ते मला दाखवायचे होते. टाकीवर बोट ठेवायचे आणि न उचलता जमिनीपर्यंत आणायचे. माझे बोट स्लॅबच्या मधोमध थांबले. खाली तुळई नव्हती, खांब नव्हता, फक्त मुलांची बसायची जागा होती. मला रडू आले, आणि सरांनी ते येऊ दिले.

मग ते म्हणाले, "टाकी मागच्या कोपऱ्यात, खांबांच्या मध्ये घेऊ. तुळया मात्र खोल लागतील. छत खाली येईल, तुमचं रूप बिघडेल." खाली आलेले छत मला एकदम वेगळे दिसले. "सर, तिथे लहान मुलांना बसवू. त्यांना बुटकंच आवडतं." त्या आठवड्यात पायाचा हिशोब सरांनी पुन्हा केला आणि कोपरा मी पुन्हा काढला. आजही अभ्यासिकेत सगळ्यात आधी तोच कोपरा भरतो.

सरांना सौंदर्यदृष्टी नाही, हा आम्हा आर्किटेक्ट मंडळींचा लाडका आरोप आहे. त्यांचे स्वतःचे घर पाहिले की तो खराही वाटतो. पण पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी खांबांच्या सुरेख सरळ ओळी काढल्या, तेव्हा सर अर्धा दिवस उन्हात उभे राहून द्राक्षांचे टेम्पो मागे कसे वळतात ते पाहत राहिले. "हा खांब इथे घेतला तर पहिल्याच हंगामात टेम्पो त्याला शिंगं मारतील," ते म्हणाले. खांब हलला. ओळ मोडली याचे मला वाईट वाटले, ते अजून थोडे वाटते.

माझी मुलगी झाली तेव्हा काम सुटेल या धास्तीने मी खचले होते. सर स्वतः तीन जिने चढून नकाशे घरी आणत, बाळ झोपेपर्यंत गप्प बसून राहत आणि मग कागद पसरत. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज लिहिते आहे.

गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर सरांचा हात थरथरतो. त्यांनी कामे घेणे बंद केले. अशातच अभ्यासिकेवर मजला चढवायचे ठरले आणि गांगुर्डेकाकांनी आहेर सरांखेरीज कोणाचे नाव घेऊ दिले नाही. सरांनी हिशोब केला, तीनदा तपासला, पण सही करेनात. "हात थरथरतो तसं डोकंही थरथरत असेल तर? खाली मुलं बसतात," ते मला म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेले प्रथमच पाहिले.

मी नकाशा त्यांच्यासमोर पसरला आणि विचारले, "सर, वजन कोठे जाई ऱ्हायनं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसले. नव्या गच्चीवरच्या टाकीवर त्यांनी बोट ठेवले. बोट थरथरत होते, पण नव्या तुळईवरून खांबात आले, खांबातून त्या बुटक्या कोपऱ्याजवळून खाली उतरले आणि पायापाशी थांबले. वाटेत एकदाही उचलले गेले नाही.

"पोचलं," ते म्हणाले, आणि पेन मागितले.

सर, मजला चढतो आहे. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, आणि अजून पुष्कळ कोऱ्या कागदांवर तुमची पेन्सिल माझ्या पेन्सिलीशेजारी चालो. पंच्याहत्तर हा मधला मजला आहे. शंभरी येईपर्यंत बोट उचलू नका.