मोनाचा पान्हा आणि शिवय्याअण्णांचा तळहात

बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजता पिराजीच्या म्हशीनं भरली बादली लाथेनं उडवली, आणि त्याला सर्वस्वी उदयसिंहराव जबाबदार होते. म्हशीला त्यांनी हातही लावला नव्हता. बावड्यातल्या आपल्या घरामागच्या परड्यात, मधल्या भिंतीपासून दहा मीटरवर उभे राहून ते छऱ्याच्या पिस्तुलानं कागदावर नेम धरत होते. भिंतीपलीकडं पिराजीचा गोठा. आपला आवाज तिकडं जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच दिवशी भिंतीवर दोन पत्रे ठोकले होते. आवाज पत्र्याला धडकणार आणि माघारी येणार, असं साधं गणित. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं पाणी अडवायचे कागद लिहिल्यावर माणसाला कुठलीही गोष्ट अडवता येते असं वाटायला लागतं.

पहिला छर्रा पत्र्यावर बसला आणि असा ‘ठाण्ण’ आवाज झाला, की कुणी मारलं म्हणून स्वतः उदयसिंहरावांनीच दचकून मागं पाहिलं.

पाच मिनिटांत पिराजी दारात. कमरेपासून खाली दुधानं भिजलेला.

“रावसाब, लढाई सुरू केलीया काय?”

“अरे पिराजी, आवाज कमी व्हावा म्हणूनच पत्रे मारले.”

“मग वाढवायचा असला की काय मारणार हाय?”

पिराजीच्या तीन म्हशी. दारातच धार काढायची आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या ग्लासात फेसासकट ओतायची, असा त्याचा रोजचा धंदा. दोन म्हशी तोफ उडाली तरी रवंथ सोडणाऱ्या नव्हत्या. तिसरी मोना. हे नाव विकणाऱ्यानंच ठेवलेलं होतं आणि ती दुसऱ्या कुठल्या नावाला मान वळवत नव्हती. पंधरा दिवस झाले, उदयसिंहरावांचा बार वाजला की मोना दूध वर चढवायची.

“गिऱ्हाईक गिलास धरून उभं, आन् मी बसलोय आचळं चोळत,” पिराजी म्हणाला. “परवा एक पावणं म्हणालं, दुसऱ्या दारात जाऊ का. रैवारपतोर बघतो. तवा जर तिनं चोरलं, तर तुमीच ठरवा.”

ठरवायचं काम उदयसिंहरावांच्या पत्नी संयोगितावहिनींनी तिथल्या तिथं उरकलं. त्या आतून चहा घेऊन येत होत्या. “रविवारी म्हैस पान्हावली नाही, तर पिस्तूल कपाटात. किल्ली माझ्याकडं.”

वहिनींच्या किल्लीत गेलेली वस्तू परत येत नाही. मागं गेलेली पत्त्यांची जोडी अजून आतच आहे. साठीवरच्या लोकांची जिल्ह्याची नेमबाजी स्पर्धा महिनाअखेरीला होती आणि जन्मात पहिल्यांदा उदयसिंहरावांनी कशात तरी नाव घातलं होतं. वेळ बदलावी, तर सकाळी ऊन थेट डोळ्यांत, दुपारी परडं तव्यासारखं आणि सहानंतर कागद दिसत नाही. राहता राहिली ती मोनाची वेळ.

त्यांनी फोनवर व्हिडिओ पाहिले. पिस्तुलाच्या तोंडाला नळकांडं बसवलं की आवाज मरतो, असं कुणी तरी सांगत होतं. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या भाच्याला, सम्राटला, फोन लावायला ते कट्ट्यावर बसले, तर शेजारच्या कट्ट्यावरून शिवय्याअण्णा ओरडले, “कुणाला फोन?”

अण्णा नेहमीच ओरडतात. त्यांची चाळीस वर्षं इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली. बिघडलेले माग दुरुस्त करणारा, ज्याला शेडमध्ये जॉबर म्हणतात, तो माणूस. अठ्ठेचाळीस माग एका छपराखाली खडाखडा चालू असताना कानाचा काही उपयोग नसतो. तिथं माणसं ओठ बघून बोलतात आणि जॉबर मागावर तळहात टेकून ऐकतो. कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला नट सैल आहे, हे अण्णांना हातातून कळायचं. कान हळूहळू गेले, पण हात राहिला. मुलगा महांतेश कोल्हापुरात नोकरीला लागला तेव्हा कबनूरचं घर सोडून ते बावड्यात आले. आल्या दिवशी उदयसिंहरावांच्या फ्रिजवर हात ठेवून म्हणाले, “दोन म्हैन्यात बसतोय ह्यो.” फ्रिज सात आठवड्यांत बसला. अण्णांना मधला एक आठवडा चुकल्याचं अजून वाईट वाटतं.

त्यांच्या संसाराची गोष्ट त्यांच्या पत्नी शांतादेवी सांगतात. लग्नानंतर त्याही शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जात, त्यामुळं दोघांनाही ओठांवरून बोलता येतं. घरातली सगळी भांडणं त्यांनी आवाज न करता, खोलीच्या दोन टोकांना उभं राहून केली. कबनूरच्या गल्लीत सासवा नव्या सुनांना त्यांच्याकडं बोट दाखवून सांगायच्या, बघा, नवरा-बायको कसं राहावं.

तर उदयसिंहरावांनी फोन बाजूला ठेवला आणि ओठ हलवून नळकांड्याची सगळी योजना सांगितली. अण्णांनी शेवटपर्यंत बघून घेतलं.

“माग बोंबलाय लागला तर त्याच्या तोंडात बोळा घालत न्हाईत, सरकार. कुठनं बोंबलतोय ते बघत्यात. आन् ते नळकांडं कायद्यात बसतंय का, ते पोलिसांस्नी इचारणार कोण? तुमी?”

उदयसिंहरावांना सरकारदरबारी काहीही विचारायचं म्हटलं की घाम येतो. त्यांनी योजना सोडली.

“उद्या मारा,” अण्णा म्हणाले. “मी हात लावून बघतो.”

गुरुवारी अण्णांनी आधी पत्रे काढायला लावले. “छर्रा उलटून डोळ्यात आला असता म्हंजे कळलं असतं,” एवढं बोलून त्यांनी ते अडगळीत टाकले. मग उदयसिंहरावांच्या मागं उभं राहून त्यांच्या खांद्यावर तळहात ठेवला. बार झाला.

“हितं कायबी न्हाई. डास मारल्यागत.”

नंतर ते पलीकडं गोठ्यात गेले. भिंत जाड विटांची होती, तिला हात लावून उभे राहिले. तिथून ओरडून “मारा” म्हणायचे आणि इकडून बार व्हायचा. असे सहा बार झाले. भिंतीवर वर, खाली, कोपऱ्यात. सातव्या बाराला अण्णांनी हात भिंतीवरून काढला आणि गव्हाणीच्या वरच्या लोखंडी पाइपवर ठेवला.

इकडं उदयसिंहराव पुढच्या ‘मारा’ची वाट बघत उभे. तो काही येईना. शेवटी अण्णाच परत आले.

“पिराजीनं म्हस कुठं बांधलीया बघितलं का कधी?”

“गोठ्यात.”

“गोठ्यात तर हायच की, काय माडीवर बांधतोय? त्या पाइपला साखळी हाय. पाइप गेलाय भितीत. आन् भितीच्या ह्या बाजूला तुमची फळी ठोकलेली, तिच्यावर तुमचा कागद. छर्रा फळीत बसला की भीत थरथरती, पाइप थरथरतोय, साखळी थरथरती. आन् साखळी तिच्या गळ्यात. तिला ऐकू येत न्हाई ओ, तिला लागतंय. बाकीच्या दोगी दाव्यानं खुट्ट्याला हायत, त्यास्नी पत्ताच न्हाई.”

उदयसिंहराव हवेतला आवाज अडवायला निघाले होते आणि तो पंधरा दिवस विटांतून चालत जात होता. मोनाच्या गळ्याला रोज साठ वेळा आपण टिचकी मारली, हे कळल्यावर त्यांना जरा शरमल्यासारखंही झालं.

“मग पिराजीला साखळी सोडायला सांगू?”

“त्याची म्हस त्यानं कशाला हलवायची? आवाज तुमचा हाय.”

शुक्रवार-शनिवार परड्यात काम चाललं. अण्णांनी कबनूरहून जुन्या मागाचे चामडी पट्टे आणि पोतंभर सुताच्या चिंध्या आणवल्या. दीड फुटाचा लाकडी खोका, मागं दोन बोटं जाड फळी. त्यात चिंध्या इतक्या ठासल्या की अण्णा शेवटी त्याच्यावर उभे राहिले. खोका भिंतीपासून हातभर पुढं, पेरूच्या फांदीला चामडी पट्ट्यांनी टांगला. भिंतीला कुठंच स्पर्श नाही. बाराचा जो थोडका आवाज उरला त्यासाठी दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या. वहिनींनी नव्यातली एकही दिली नाही, पण जुन्या चार दिल्या, आणि वर विचारलं, “स्पर्धेलाही ह्या घेऊन जायच्यात का?”

फक्त एक गोष्ट अण्णांनी शनिवारी संध्याकाळी सांगितली. खोक्यात बसला तर काही नाही. खोका चुकला तर छर्रा भिंतीवर, आणि भिंतीवरून मोनाच्या गळ्यात.

दहा मीटरवरून दीड फुटाचा खोका म्हणजे काही सुईचं नाक नव्हे. तरीही उदयसिंहरावांना त्या रात्री झोप लागली नाही. दहातला एखादा त्यांचा कागदाबाहेर जायचा, आणि तो कुठं जायचा हे त्यांनी आजवर कधी बघितलं नव्हतं.

रविवारी साडेपाचला पिराजीनं बादली मांडली. गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी. ही बातमी बावड्यात पसरल्यामुळं रोज चौघं असायची तिथं अकरा जण होते. अण्णा पाइपवर तळहात ठेवून मोनाच्या डोक्याशी. वहिनी मागच्या दारात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. उदयसिंहरावांनी चष्मा लावला, श्वास अर्धा सोडला आणि पहिला छर्रा मारला.

फुस्. चिंध्यांत.

पलीकडून काही आवाज नाही. दुसरा. तिसरा. सहावा छर्रा खोक्याच्या कडेला लागून लाकडाचा कपचा उडाला. खोका पट्ट्यांवर हलकासा झुलला आणि थांबला. उदयसिंहरावांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, हात झटकला, पुन्हा उचललं. उरलेले चार त्यांनी इतक्या सावकाश मारले, की तेवढ्या वेळात पाटबंधारे खात्यात एक फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली असती. चारही आत बसले.

मग पलीकडून तो आवाज आला. बादलीत धार पडल्याचा, आधी पातळ आणि मग जाड, घुमल्यासारखा. कुणी तरी म्हणालं, “फेस बघ की फेस.” थोड्या वेळानं भिंतीवरून पिराजीचा हात वर आला आणि त्यानं एक काठोकाठ भरलेला ग्लास कठड्यावर ठेवला.

वहिनींनी किल्ल्या खोचल्या आणि त्या आत गेल्या.

उदयसिंहराव स्टुलावर चढले. ओठांवर फेस, चष्मा कपाळावर, मन भरून आलेलं. गोठ्यात अण्णा आता मोनाच्या मानेवर तळहात ठेवून उभे होते आणि मोना डोळे मिटून वैरण चघळत होती. उदयसिंहरावांनी हात हलवून अण्णांचं लक्ष वेधलं आणि सावकाश, प्रत्येक शब्द ओठांवर नीट मांडत विचारलं, “अण्णा, तुमच्या हाताला सगळं कळतं. खरं सांगा, स्पर्धेत माझा नंबर लागेल?”

“न्हाई लागायचा, पर म्हस आता दूध दील.”