ओमतीतला मास्टर

लढाई संपली तेव्हा जबलपूरच्या आमच्या तोफांच्या फॅक्टरीत पेढे वाटले. मी खाल्लाच, वर मुलीसाठी आणखी एक मागून घरी नेला. इतका मूर्ख मी पुन्हा कधी झालो नाही. तोफांवर घालायच्या ताडपत्रीच्या खोळी आम्ही शिवायचो. तोफाच थांबल्यावर खोळी कोणाला हव्यात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. थोड्याच दिवसांत छँटनी झाली, माणसं कमी केली आणि मी घरी बसलो.

चाळिशी उलटलेली, पदरात लग्नाची मुलगी. मदन महलकडच्या आमच्या मराठी मंडळींनी आधी सांत्वन केलं, मग मला पाहून रस्ता बदलू लागली. शिवण्याशिवाय मला काही येत नव्हतं, म्हणून ओमतीच्या बाजारात एका ओट्यावर मशीन टाकलं. फॅक्टरीत शिवलं तर सरकारी नोकरी, ओमतीत शिवलं तर शिंपी! ताडपत्रीला सरावलेल्या बोटांना मलमल धरता येईना. पहिले सदरे तंबूसारखे झाले. पण हळूहळू गिऱ्हाइकं टिकली. सगळी मला ‘मास्टरजी’ म्हणायची. जबलपुरात शिंप्याला मास्टरजीच म्हणतात, आणि मला ते आवडायचं.

बायकोचा पुण्याचा मामेभाऊ काशीहून परतत होता, त्याला भेटायला स्टेशनवर गेलो. त्यानं खिडकीतून विचारलं, “सध्या काय करता?”

“ओमतीत मास्टर आहो. बरं चालून राहिलं.”

“वा, हे उत्तम झालं,” तो म्हणाला आणि गाडी हलली.

त्यानंच पुढे पुण्यातलं एक स्थळ सुचवलं. पत्रिका जुळली. मुलाचे वडील मुलगी पाहायला निघाले आणि कळवलं होतं त्याच्या एक दिवस आधीच येऊन पोचले. ओमतीतल्या मास्तरांकडे जायचंय म्हटल्यावर टांगेवाल्यानं त्यांना थेट माझ्या ओट्यापुढे उतरवलं. माझ्या गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मी एका पहेलवानाची छाती मोजत होतो.

त्यांनी माझं नाव विचारलं, मी मान हलवली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“आपली शाळा कुठे आहे?”

“कोणती शाळा?” टाचण्या काढत मी म्हटलं.

“आपण मास्तर आहात ना?”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. “मास्टरच आहो जी,” मी म्हणालो. “कपडे शिवतो.”

तरी ते घरी आले. पोह्यांना नुसता चमचा लावला, मुलीला एकही प्रश्न विचारला नाही, कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. मला त्यांचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त त्या मेल्या शब्दाचा.

उठताना त्यांच्या कोटाची बाही दाराच्या कडीत अडकून टर्रकन उसवली. त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मास्टरजी,” ते म्हणाले, “एवढा टाका घालून देता का?”

एका दिवसात ते जबलपूरची भाषा शिकले होते. मी काही बोलायच्या आत मुलगी आतून सुईदोरा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

“पक्का घाला, बाबा,” ती म्हणाली. “यांना पुन्हा यायचं काम नको पडायला.”